लॅव्हेंडरचा मुलूख

पवित्र सप्ताहातील सोमवारी आपण योहानाच्या शुभवर्तमानातील बेथानीचा प्रसंग ऐकतो. मरिया जटामांसीचे मोलाचे तेल प्रभूच्या चरणांवर ओतते, आपल्या केसांनी ते चरण पुसते आणि सारे घर सुवासाने भरून जाते. त्याच क्षणी यहूदा इस्कार्योत त्या तेलाचा भाव काढतो. तीनशे दीनार! एक दीनार म्हणजे त्या काळी शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षभराचा घाम त्या एका कुपीत साठवलेला होता. यहूदाचा हेतू वाईट असला तरी त्याचे गणित बरोबर होते. सुगंधाला किंमत असते आणि ती कोणीतरी मोजलेली असते. शुभवर्तमानकाराने सुवासही नोंदवला आहे आणि किंमतही.

हा प्रसंग येथे आठवण्याचे कारण असे की दक्षिण फ्रान्समध्ये, प्रोव्हान्स प्रांतात फिरणाऱ्या प्रवाशाला कधी कधी असे सांगण्यात येते की मरियेच्या कुपीतील तेल हे लॅव्हेंडरचेच होते. ऐकायला गोड वाटते, पण ते खरे नाही. शुभवर्तमानातील ‘नार्द’ म्हणजे हिमालयाच्या उंच उतारांवर वाढणारी आपली जटामांसी. तिच्या मुळांतून तेल काढतात आणि त्याला मातीचा, काहीसा कडवट असा गंध असतो. भारतातून निघून ती व्यापारी मार्गांनी भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचत असे आणि म्हणूनच ती इतकी महाग होती. लॅव्हेंडर हे तुळशीच्या कुळातील झुडूप, त्याचा वास मंजिऱ्यांत असतो आणि ते युरोपच्या दक्षिणेकडील खडकाळ डोंगरांवर आपोआप उगवते. मात्र घोटाळा आजचा नव्हे. युरोपातील जुन्या वनौषधीग्रंथांत लॅव्हेंडरला ‘इटालियन नार्द’ असे नाव आढळते. हिमालयातील दुर्मीळ वस्तू ज्यांना परवडत नव्हती, त्यांनी आपल्या डोंगरातील झुडपाला तिचे नाव देऊन समाधान मानले.

आणि तरीही प्रोव्हान्सच्या लोकांना मरियेची कुपी आपली वाटते, यामागे एक फार जुनी श्रद्धा आहे. प्रभूच्या पुनरुत्थानानंतर छळाच्या काळात मरिया माग्दालेना, मार्था आणि लाजरस यांना वल्ह्यांवाचून एका होडीत बसवून समुद्रात सोडण्यात आले, ती होडी प्रोव्हान्सच्या किनाऱ्याला लागली, लाजरस मार्सेयचा पहिला बिशप झाला, मार्थेने तारास्कोन गावाला एका अक्राळविक्राळ प्राण्यापासून सोडवले आणि माग्दालेना सेंत बोमच्या डोंगरातील गुहेत प्रार्थना व प्रायश्चित्त करीत राहिली, अशी ही आख्यायिका आहे. १२७९ साली, पुढे दुसरा चार्ल्स म्हणून प्रोव्हान्सच्या गादीवर बसलेल्या राजपुत्राने सें मॅक्सिमें या गावी उत्खनन करविले आणि तेथे सापडलेले अवशेष माग्दालेनेचे म्हणून जाहीर झाले. १२९५ साली पोप आठवे बोनिफास यांनी ते स्थळ डॉमिनिकन संघाच्या स्वाधीन केले आणि तेथे प्रोव्हान्समधील सर्वांत मोठे गॉथिक मंदिर उभे राहू लागले. इतिहासाचा अभ्यासक ही होडी किनाऱ्याला लागली असे म्हणणार नाही. पहिल्या हजार वर्षांत या कथेचा मागमूस तेथे लागत नाही. शिवाय बेथानीची मरिया, माग्दालेना आणि शिमोनाच्या घरी अश्रूंनी प्रभूचे चरण धुणारी पापी स्त्री या तिघींना एकच व्यक्ती मानण्याची पश्चिमेतील प्रथा ५९१ साली पोप महान ग्रेगरी यांच्या प्रवचनाने रूढ झाली. १९६९ च्या उपासना-दिनदर्शिकेने ती मागे टाकली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी माग्दालेनेच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला आणि २०२१ साली मार्था, मरिया व लाजरस या भावंडांचा २९ जुलैचा दिवस संपूर्ण ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत आला. माग्दालेनेचा सण २२ जुलैचा. त्या सुमारास लॅव्हेंडर फुललेला असतो आणि डोंगरात कापणी चालू असते. सुगंधी द्रव्ये बनविणारे कारागीर तिलाच आपली आश्रयदाती मानतात. इतिहासाच्या कसोटीवर न टिकणारी कथा शेकडो वर्षे माणसांच्या हृदयात कशी टिकते, याचे उत्तर बहुधा या जुळून आलेल्या ऋतूतही असावे.

लॅव्हेंडरचे चित्र म्हटले की आज जगभर एकच दृश्य डोळ्यांपुढे येते. करड्या दगडांचा एक साधा, भव्य मठ आणि त्यापुढे जांभळ्या ओळी. हा गोर्दजवळचा सेनांक मठ. १९९० नंतर दिनदर्शिकांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवरही हे चित्र इतके झळकले आहे की मठवासी लॅव्हेंडर लावण्यासाठीच तेथे आले असावेत असे वाटावे. वस्तुतः हा मठ ११४८ साली सिस्टर्शियन संन्याशांनी स्थापन केला. काव्हायोंचे बिशप आल्फां यांचा त्यांना आश्रय होता. निर्जन दरी, थोडे पाणी, हाताने करण्याजोगी शेती, एवढीच त्यांची मागणी होती. मंदिरात रंगीत काच नको, कोरीव मूर्ती नको, दगडावर पडणारा प्रकाश पुरे, ही संत बर्नार्ड यांची शिकवण. त्याच मठाची ओळख जगाला जांभळ्या रंगाने व्हावी ही एक गमतीची गोष्ट आहे. बाराव्या शतकातील त्या भिंतींपुढे ओळीने लावलेले लॅव्हेंडरचे शेत विसाव्या शतकातील आहे.

त्या भिंतींनी मधल्या काळात जे पाहिले ते बिस्किटांच्या डब्यांवर छापले जात नाही. लुबेरोंच्या डोंगराळ भागात वाल्देन्स पंथाचे शेतकरी राहत. दारिद्र्याचे व्रत आणि लोकभाषेतील बायबल यांचा आग्रह धरणारा हा पंथ ख्रिस्तसभेपासून दूर गेला होता आणि सोळाव्या शतकात धर्मसुधारणावाद्यांना मिळाला होता. १५४४ साली त्यांच्यापैकी काहींनी सेनांकवर हल्ला केला, इमारती जाळल्या आणि संन्याशांना फासावर लटकवले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १५४५ मध्ये, एक्सच्या न्यायसभेच्या हुकमाने आणि राजा पहिला फ्रान्स्वा याच्या संमतीने फौज लुबेरोंमध्ये शिरली. मेरिंदोल गाव जमीनदोस्त झाले. काब्रिएरमध्ये स्त्रियांची व मुलांचीही गय झाली नाही. जिवंत राहिलेल्या पुरुषांना वल्ही मारण्यासाठी राजाच्या जहाजांवर साखळदंडात बांधण्यात आले. मठातील हत्येचे दुःख सांगताना या कत्तलीविषयी गप्प बसणे कॅथलिक लेखकाला शोभणार नाही. २२ जून २०१५ रोजी तुरिन येथील वाल्देन्सांच्या मंदिरात जाऊन पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची क्षमा मागितली. आज लुर्मारें, मेरिंदोल, गोर्द ही सारी गावे एकाच प्रवासाच्या नकाशावर असतात आणि प्रवासी सकाळी एका ठिकाणी व दुपारी दुसऱ्या ठिकाणी छायाचित्रे काढतात.

फ्रेंच राज्यक्रांतीत सेनांक सरकारजमा होऊन विकला गेला. १८५४ मध्ये संन्याशी परतले, १९०३ मध्ये धर्मसंघांविरुद्धच्या कायद्यांनी त्यांना पुन्हा घालवले, त्यानंतर ते परत आले, १९६९ मध्ये लेरें बेटावरील मूळ मठात गेले आणि १९८८ पासून पुन्हा तेथे नांदू लागले. लॅव्हेंडर आणि मध हे त्यांच्या उदरनिर्वाहाचे एक साधन आहे. प्रवाशांनी शेतात पाय न ठेवता, आवाज न करता पाहावे एवढीच त्यांची विनंती असते.

सुगंधी वनस्पतींशी मठांचा संबंध मात्र खराखुरा आणि जुना आहे. प्रत्येक मठात औषधी वाटिका असे. बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड (१०९८-११७९), ज्यांना २०१२ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ख्रिस्तसभेच्या आचार्यपदाचा मान दिला, त्यांनी आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथात लॅव्हेंडरला एक छोटे प्रकरण दिले आहे. त्याच्या तीव्र वासाने उवा मरतात आणि डोळे निर्मळ होतात, अशा आशयाचे ते आहे. यात काव्य नाही, घरगुती उपयोग आहे. आपल्याकडे कपाटात कडुनिंबाची पाने ठेवतात त्याच जातीचे हे शहाणपण. लॅव्हेंडर या नावाचा संबंध ‘धुणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडतात. काही भाषाशास्त्रज्ञांना मात्र ‘निळसर असणे’ या अर्थाचा शब्द अधिक पटतो. ते काही असले तरी धुतलेल्या कपड्यांच्या घडीत लॅव्हेंडरची पुरचुंडी ठेवण्याची रीत फ्रान्सच्या खेड्यांत आजही आहे.

वनस्पतीचा वास वाफेबरोबर वर नेऊन, थंड करून पुन्हा द्रवात उतरविण्याची कला युरोपने अरबी विद्वानांकडून घेतली. गुलाबपाणी हे तिचे पहिले प्रसिद्ध फळ. दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए हे या विद्येचे एक प्रवेशद्वार होते. तेथील वैद्यकशाळेला १२२० साली पोपचे प्रतिनिधी कार्डिनल कोनराड यांनी नियम घालून दिले, आणि त्या शहरात ज्यू, अरबी व लॅटिन या तिन्ही परंपरांचे वैद्यक वाचले जात असे. ख्रिस्ती युरोपच्या औषधपेटीतील कितीतरी नावे अरबीतून आली आहेत हे धर्मयुद्धांच्या कथा सांगताना आपण विसरतो.

या साऱ्या औषधांची कठोर परीक्षा मार्सेयमध्ये झाली. २५ मे १७२० रोजी ‘ग्रां सेंतांत्वान’ हे जहाज सीरियाच्या किनाऱ्यावरून रेशीम आणि कापसाचा माल घेऊन बंदरात आले. वाटेतच त्यावर माणसे मेली होती. नियमाप्रमाणे मालासकट त्याला दीर्घकाळ वेगळे ठेवायला हवे होते. पण माल बोकेरच्या जत्रेसाठी होता, जत्रा तोंडावर आली होती आणि मालात शहरातील वजनदार लोकांचे पैसे गुंतले होते. नियम सैल झाले, कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर प्लेगच्या पिसवा शहरात आल्या. बोकेरची ती जत्रा २२ जुलैला, माग्दालेनेच्या सणाला भरत असे आणि तिच्याच नावाने ओळखली जाई. तिच्या नावाच्या बाजारासाठी केलेल्या घाईने मार्सेयच्या सुमारे नव्वद हजार लोकांपैकी जवळजवळ निम्मे बळी घेतले.

दूषित हवेने रोग पसरतो हा त्या काळचा सिद्धान्त. म्हणून चौकाचौकांत सुगंधी झुडपांच्या होळ्या पेटल्या. चोचीसारख्या मुखवट्यात लॅव्हेंडर, रोझमेरी यांसारख्या वनस्पती भरून फिरणाऱ्या वैद्यांची चित्रे त्या काळापासून प्रसिद्ध आहेत. प्लेगने मेलेल्यांची घरे लुटूनही जिवंत राहिलेल्या चार चोरांच्या सुगंधी सिरक्याची गोष्ट मार्सेयचे लोक आपल्या शहराची म्हणून सांगतात, तूलूजचे लोक आपल्या. ती खरी असो वा नसो, मार्सेयला सिरक्याने तारले नाही. बिशप हेन्री दे बेलझन्स शहर सोडून गेले नाहीत. ज्या रस्त्यांवर प्रेतांचे ढीग पडले होते तेथे ते मरणोन्मुखांना पापक्षमा देत फिरले, त्यांच्याभोवतीचे कितीतरी धर्मगुरू मेले. १ नोव्हेंबर १७२० रोजी अनवाणी, गळ्यात दोर घालून आणि हातात क्रूस घेऊन त्यांनी आपला धर्मप्रांत येशूच्या अतिपवित्र हृदयाला समर्पित केला. १७२२ मध्ये रोग पुन्हा डोके वर काढू लागला तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांनी दरवर्षी पांढऱ्या मेणाची मोठी मेणबत्ती अर्पण करण्याचा नवस केला. तो नवस मार्सेयमध्ये आजही फेडला जातो. विज्ञानाच्या दृष्टीने बेलझन्स यांच्याकडेही प्लेगवर इलाज नव्हता. पण ज्या वासापासून सारे शहर नाक झाकून पळत होते, त्या वासात ते उभे राहिले.

दुर्गंध झाकण्याच्या गरजेतूनच ग्रास गावाचा भाग्योदय झाला. समुद्रापासून थोड्या अंतरावरील या डोंगरी गावात चामडे कमावण्याचा धंदा होता. कमावलेल्या चामड्याचा वास कोणालाच सोसत नाही. सोळाव्या शतकात इटलीहून सुगंधी हातमोज्यांची हौस फ्रान्सच्या दरबारात आली, आणि ग्रासच्या कारागिरांनी आपल्या चामड्याला फुलांच्या चरबीचा हात दिला. पुढे चामड्यावरील करांनी तो धंदा बुडाला, पण वास उरला. हातमोजे गेले आणि अत्तर राहिले असे ग्रासच्या इतिहासाचे थोडक्यात वर्णन करता येईल. मोगऱ्याच्या जातीच्या जास्मिन फुलांचा गंध काचेवर थापलेल्या चरबीत उतरविण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. पहाटे फुले खुडणाऱ्या बायकांची बोटे आणि चरबीच्या थरावर रोज नवी फुले मांडणाऱ्या मुलींची पाठ यांवर ती पद्धत उभी होती. २०१८ साली ग्रास परिसरातील या सुगंधविद्येला युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली.

ग्रासला जाणारे बहुतेक प्रवासी अत्तरांच्या दुकानांतून बाहेर पडून पुढच्या गावाची वाट धरतात. कॅथीड्रलमध्ये डोकावणारे थोडे. तेथे रुबेन्स यांची सुरुवातीच्या काळातील तीन चित्रे आहेत, आणि याच गावात १७३२ साली जन्मलेल्या फ्रागोनार यांनी विशीत काढलेले एक मोठे चित्रही आहे. फ्रागोनार हे हातमोजे करणाऱ्या घरातील मुलगा. पुढे दरबारी विलासाची, झोपाळ्यांची आणि प्रेमिकांची चित्रे काढून ते विख्यात झाले आणि आज अत्तराचा एक कारखाना त्यांचे नाव मिरवतो. पण कॅथीड्रलमधील चित्राचा विषय आहे प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो. बेथानीत मरियेने चरणांवर तेल ओतले आणि काही दिवसांनी प्रभूने गुडघे टेकून शिष्यांच्या धुळकट पायांवर पाणी ओतले. सुगंधाच्या राजधानीत हे चित्र असावे याला मी तरी योगायोग म्हणून सोडून देऊ शकत नाही.

लॅव्हेंडरचे ग्रासशी नाते व्यापाराचे होते. तो तेथे पिकत नसे, वर डोंगरांतून येत असे. आणि येथेच, ‘प्रोव्हान्सचा सनातन लॅव्हेंडर’ या कल्पनेमागचा खरा इतिहास सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या डोंगराळ प्रदेशाची शेते गव्हाची, बदामाची आणि मेंढ्यांची होती. खालच्या व्होक्लूज भागात तांबडा रंग देणारी, आपल्या मंजिष्ठेच्या कुळातील एक वनस्पती पिकत असे, तिच्या मुळांच्या रंगाने फ्रेंच सैनिकांच्या लाल विजारी रंगत. शिवाय घरोघर रेशमाचे किडे. मग एकामागून एक घाव बसले. किड्यांना रोग लागला, तो इतका की लुई पाश्चर यांना १८६५ मध्ये त्याच्या संशोधनासाठी दक्षिणेत यावे लागले. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार केला आणि थोड्याच वर्षांत त्या मुळांना गिऱ्हाईक उरले नाही. द्राक्षवेलींच्या मुळांवर अमेरिकेतून आलेली कीड पडली. माणसे मार्सेयला, लियोंला, समुद्रापलीकडे गेली. बास-आल्प जिल्ह्याची लोकसंख्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दीड लाखाहून अधिक होती, ती शंभर वर्षांत एक लाखाच्या खूप खाली आली. पहिल्या महायुद्धाने उरलेल्या गावांतील तरुण नेले. कोणत्याही लहानशा वाडीच्या मंदिराजवळील स्मारकावर एकाच आडनावाची तीन-तीन नावे दिसतात.

ओस पडलेल्या शेतांत कोण आले? रानटी लॅव्हेंडर. नांगर थांबला, मेंढ्या कमी झाल्या, उघड्या चुनखडी जमिनीवर या झुडपाने पाय पसरले. माणसांच्या जाण्याने त्याचे राज्य वाढले. नेमक्या त्याच वेळी ग्रासच्या कारखान्यांची भूक वाढत होती. मागे राहिलेल्या घरांतील बायका, म्हातारी माणसे आणि मुले उन्हाळ्यात विळे घेऊन डोंगरावर जात, कमरेत वाकून मंजिऱ्या कापत, गोणपाटाच्या मोठ्या चौकोनी कापडात बांधत आणि ओझे खाली आणत. मानोस्कचे लेखक जाँ जिओनो यांच्या ‘झाडे लावणारा माणूस’ या १९५३ मधील प्रसिद्ध कथेच्या आरंभी जी निर्जन भूमी आहे, तेथेही रानटी लॅव्हेंडरखेरीज काही उगवत नाही. कथेत लॅव्हेंडर हे उजाडपणाचे चिन्ह आहे. आजचा प्रवासी ज्याला समृद्धीचे चिन्ह समजतो, ते त्या पिढीला ओसाडीचे लक्षण वाटत होते.

तेल काढण्याची भट्टी फार साधी. गोव्यातील फेणीची भाटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. तांब्याचे भांडे, खाली आग, वर झाकण, झाकणातून निघालेली नळी थंड पाण्याच्या पिंपातून वळसे घेत बाहेर येते. फरक एवढाच की येथे आंबवणे नाही, ताज्या किंवा किंचित सुकलेल्या मंजिऱ्यांतून वाफ जाते, ती आपल्याबरोबर तेल घेऊन येते, आणि थंड झाल्यावर तेल पाण्यावर तरंगते. वरचे तेल बाजूला काढतात, खालचे सुवासिक पाणीही वाया जात नाही. सुरुवातीला या भट्ट्या फिरत्या असत. पाण्याची सोय पाहून गाडीवरून त्या डोंगरात नेत आणि उरलेला चोथा सुकवून त्याच्याच आगीवर पुढची खेप चढवीत. एक किलो अस्सल तेलासाठी शंभर किलोंहून अधिक फुले लागतात. विळ्याने कापणारी बाई वाकलेल्या पाठीने किती कुप्या भरत असेल याचा हिशेब वाचकांनी करावा.

या तेलाला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळवून देण्यात लियोंचे रसायनतज्ज्ञ रेने-मोरिस गात्फोसे (१८८१-१९५०) यांचा वाटा मोठा. ‘आरोमाथेरापी’ हा शब्द त्यांच्या १९३७ मधील ग्रंथाच्या नावावरून रूढ झाला. त्यांच्याविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. प्रयोगशाळेत हात भाजला, त्यांनी तो नकळत शेजारच्या लॅव्हेंडर तेलाच्या पिंपात बुडवला आणि चमत्कार झाला. त्यांनी स्वतः लिहिलेली हकिकत निराळी आणि अधिक गंभीर आहे. जुलै १९१० मध्ये स्फोटात ते भाजले, पुढे जखमा सडू लागल्या आणि तेव्हा लॅव्हेंडर तेलाने धुतल्यावर सडणे थांबले, असे ते सांगतात. पिंप नाही, चुकून बुडवणेही नाही. जाणत्या माणसाने जाणूनबुजून केलेला तो उपाय होता. (म्हणून भाजल्यावर घरच्या घरी कुपी उघडू नये, डॉक्टरांकडे जावे.) गात्फोसे यांचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. त्यांनी डोंगरातील शेतकऱ्यांना लॅव्हेंडर रानातून वेचण्याऐवजी लावायला, चांगल्या भट्ट्या उभारायला आणि दलालांच्या मर्जीवर न राहायला शिकवण्याचा प्रयत्न केला.

ओळीने लावलेली शेते अशी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आली. आणि लवकरच त्यांत एक नवा पाहुणा शिरला. खऱ्या लॅव्हेंडरचा आणि कमी उंचीवरील ‘आस्पिक’ या भावंडाचा मधमाश्यांनी घडवलेला संकर म्हणजे ‘लव्हँडिन’. तो बी धरत नाही, फांद्या लावूनच वाढवावा लागतो. खरा लॅव्हेंडर आठशे मीटरच्या वर रमतो. लव्हँडिन खालच्या पठारावरही फोफावतो आणि हेक्टरी कित्येक पटींनी अधिक तेल देतो. वासात मात्र कापराची झाक असते. साबण आणि कपडे धुण्याची पूड यांना तो पुरेसा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कापणीची यंत्रे आली, बायकांचे विळे भिंतीवर टांगले गेले आणि वालान्सोलचे विस्तीर्ण पठार जांभळे झाले. ज्या अफाट शेतांत आज लोक लग्नाची छायाचित्रे काढतात ती बहुतांश लव्हँडिनची आहेत. खऱ्या लॅव्हेंडरच्या रक्षणासाठी ‘हाय प्रोव्हान्सच्या लॅव्हेंडरचे सुगंधी तेल’ या नावाला १९८१ साली कायदेशीर संरक्षण मिळाले. चार जिल्ह्यांच्या ठरावीक डोंगरी भागात, किमान आठशे मीटर उंचीवर पिकलेल्या फुलांच्या तेलालाच ते नाव लावता येते. दुकानात कुपी हाती घेताना लेबलवर ते नाव शोधावे. किंमत पाहून दचकू नये, दचकायचे ते स्वस्त कुपी पाहून.

या शेतांचे भवितव्य निश्चित नाही. एक बारीक तुडतुडा झुडपांच्या रसात सूक्ष्म जंतू सोडतो आणि झुडपे अवेळी वाळतात; कोरड्या उन्हाळ्यांनी हा रोग वाढवला आहे. खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलात बल्गेरियाने फ्रान्सला मागे टाकले. २०२० नंतरच्या वर्षांत उत्पादन इतके वाढले की भाव कोसळले आणि सरकारी मदतीची वेळ आली. प्रयोगशाळेत बनलेले, लॅव्हेंडरच्या वासाचे रसायन तर कधीपासूनच बाजारात आहे. तांबड्या रंगाचे जे झाले ते निळ्या फुलांचे होईल का, हा प्रश्न व्होक्लूजच्या शेतकऱ्याला आजोबांच्या आठवणींमुळे अधिक टोचतो.

आपल्या धर्मग्रामांतून लूर्दच्या यात्रेला जाणाऱ्यांपैकी पुष्कळांना या मुलखात डोकावण्याची इच्छा असते. त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की लूर्द दक्षिण फ्रान्सच्या पश्चिम टोकाला आणि लॅव्हेंडर पूर्वेला, मध्ये सुमारे पाचशे किलोमीटरचे अंतर आहे. वालान्सोलची कापणी जुलैच्या मध्यापासून सुरू होते आणि महिना संपेपर्यंत बरीचशी शेते उघडी पडतात. सोलच्या उंच पठारावर फुले ऑगस्टपर्यंत टिकतात. सोल येथे लॅव्हेंडरचा उत्सव दरवर्षी १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला भरतो आणि त्यात जुन्या पद्धतीने विळ्याने कापणीची स्पर्धा असते. त्याच दिवशी लूर्दला फ्रान्सची राष्ट्रीय यात्रा असते, ती १८७३ पासून चालत आली आहे. दोन्ही एका दिवशी साधणे शक्य नाही. यात्रेकरूंनी लूर्दचा सण करावा आणि सोलला जुलैच्या अखेरीस, माग्दालेनेच्या सणानंतर जावे. तेव्हा भट्ट्या पेटलेल्या असतात आणि गावात शिरण्याआधीच वास येतो.